दोन्ही हातांनी धरलेला चेंडू

माझी धाकटी बहीण वॉटर पोलोची राष्ट्रीय विजेती आहे, हे मी कुणाला आपणहून सांगत नाही. लोकच सांगतात. मग माझ्याकडे वळून विचारतात, तुम्हाला येतं का हो पोहता? अंगाचा नुसता तिळपापड होतो. अहो, तिला पाण्यात पहिल्यांदा उतरवली ती मी.

आमचं गाव गोंडपिपरीच्या पुढचं, घरचा धंदा तलावातल्या मासळीचा. उन्हाळ्यात पाणी आटलं की बाबा आम्हा दोघींना चिखलात मरळ धरायला उतरवत. हा मासा भारी निसटता. आधी खाली दाबायचा, मग दोन्ही हातांनी छातीशी आवळायचा. माझ्या हातून कधी सुटला नाही. बहीण मात्र एका हातानं धरायची आणि दर वेळी बाबांच्या शिव्या खायची. त्या ऐकताना मला फार बरं वाटायचं.

मी नववीत असताना क्रीडा वसतिगृहासाठी मुली निवडायला एक प्रशिक्षक चंद्रपूरच्या तरणतलावावर आले. दोघींतल्या एकीलाच पाठवीन, आईनं बजावलं होतं. दुसरी घरी लागेल. ती एक म्हणजे मीच, याबद्दल मला शंका नव्हती. पोहण्यात मी पहिली आलेही. मग त्यांनी पाण्यात चेंडू टाकला. मी झडप घातली, तो खाली दाबला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. शिटी वाजली. पुन्हा तेच, पुन्हा शिटी. तिसऱ्यांदा ते जवळ येऊन हळूच म्हणाले, गोलरक्षक सोडून कुणी दोन हात लावायचे नसतात, आणि दाबायचा तर मुळीच नाही. मी मान डोलावली. पण चेंडू आला की हात आपले तेच करत. शेवटी मला बाहेर काढलं.

बहिणीची पाळी दोन मुलींनंतर होती. थोरली म्हणून ती मला बाई म्हणते. काठावर कुडकुडत तिनं विचारलं, "बाई, सिटी काऊन वाजवून राह्यले ते?"

"माही पकड ढिली होती म्हणून," मी म्हणाले. "तू दोन्ही हातानं धर. दाबून."

मी काय करतेय ते मला चांगलं कळत होतं. तिची पाळी आली आणि तिनं चेंडू एका हातानं उचलून सरळ फेकला.

मग वसतिगृह, राज्याचा संघ, कप्तानपद, पदकं, सरकारी नोकरी. मला शेजारच्या गावात दिली. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला की तोच कागद पसरून मी मासळी साफ करायला बसायची.

गेल्या वर्षी गावानं तिचा सत्कार केला. मला पोहणं बाईनं शिकवलं, असं ती भाषणात म्हणाली. टाळ्या पडल्या, त्याही मला तिच्याच वाटल्या. घरी आल्यावर चुलीपाशी आम्ही दोघीच होतो, तेव्हा तिनं त्या निवडीच्या दिवसाचा विषय काढला.

"तू दोन्ही हातानं धर म्हणाली होती. पण माह्या आधीच्या पोरीले पाहून समजलं मले, दोन हात लागले का सिटी वाजते."

मी चुलीत काटक्या सारत राहिले.

"मले अजून वाईट वाटते, बाई. तीनदा सिटी वाजली, तरी तुले नाई समजलं. समजलं असतं तं तूच गेली असती."

तिच्या आवाजात कीव होती, अगदी खरी. खरं सांगावं तर मी वाईट ठरणार होते, आणि न सांगावं तर मठ्ठ.

"हो," मी म्हणाले, "नाईच समजलं."