वन्संचं गवत, माझं खळं

दसऱ्यानंतरचा चौथा दिवस, सकाळचे सव्वाआठ. वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा खळ्यात आम्ही तिघं होतो: मी, आमचे हे आणि चोपणं घेऊन कामाला आलेली शेवंती. पावसानं उखडलेली जमीन भिजवून, लाकडी चोपण्यानं बडवून, शेणानं सारवून घरासमोरचं खळं आम्ही दरवर्षी याच दिवसांत नवं करतो. पण त्याचा अर्धा भाग वन्संच्या गवताखाली होता. छत्तीस जागा, त्यांत जिवंत गड्डे नऊ. पणजीहून वन्संची मुलगी बोलत होती. ह्यांनी ऐकून घेतलं, पायरीवर बसले आणि "ताई गेली" एवढंच म्हणाले. मी आधी गवताकडे पाहिलं. मला रडू आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण जे झालं नाही ते झालं म्हणून कसं लिहू...

शालनवन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मी त्यांना सत्तावीस वर्षं ओळखत होते. त्यातली बावीस वर्षं त्या डोंबिवलीला होत्या आणि आमचं बरं चाललं होतं. यजमान वारल्यावर, नोकरीही संपल्यावर, पाच वर्षांपूर्वी त्या गावच्या घरी राहायला आल्या. घर दोघा भावंडांच्या नावावर आहे, तेव्हा त्या आल्या यात गैर काही नव्हतं. गैर होतं ते टेम्पोत होतं. मुलीबरोबर उटीला गेल्या असताना त्यांनी कुठल्याशा बागेत ब्लू फेस्क्यू नावाचं शोभेचं गवत पाहिलं होतं. वीतभर उंचीचे गोल गड्डे, सुईसारखी पाती, रंग ताज्या बांगड्याच्या पाठीसारखा निळसर. दिसायला वाईट नव्हतं, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं. असे छत्तीस गड्डे त्यांनी थेट नर्सरीतून मागवले होते. शेवंतीनं ते उतरवताना विचारलं, "वन्सानू, ही काय साळिंदराची पोरां?" सगळे हसले, वन्संसुद्धा. पुढे गावभर त्या गवताचं नाव साळिंदर असंच पडलं.

माझं हसू संध्याकाळपर्यंत टिकलं. आमचं खळं अठ्ठावीस फूट बाय बावीस. वन्संनी टेप लावून त्यातलं चौदा बाय बावीस आखलं आणि दोनच दिवसांपूर्वी सारवलेली जमीन पहारीनं खणून काढली. उरलेलं अर्धं माझं. बाहेरच्या माणसाला वाटेल, अंगणातल्या जागेवरून एवढं काय. तर एवढं, की चैत्र-वैशाखात याच खळ्यात मी रातांबे फोडून आमसुलं, आमच्या भाषेत सोलां, वाळवते. रसात बुडवायची, उन्हात पसरायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा पसरायची, आणि पाऊस यायच्या आत डब्यात भरायची. अख्ख्या खळ्यावर साठ किलो होत, अर्ध्यावर अठ्ठावीस. ती आमसुलं कट्टा गावच्या बाजारात जातात आणि या घरात माझी स्वतःची म्हणावी अशी तेवढीच कमाई आहे. हे मी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंगल, अगो, पडवेच्या पत्र्यार घाल. थय ऊन काय कमी आसा?" त्या पत्र्यावर चढायला शिडी लागते आणि माझे गुडघे तेव्हाही बरे नव्हते.  ह्यांचं बहिणीपुढे कधीच चालत नसे.

मग सुरू झाली त्या गवताची बडदास्त. त्याला आमची माती चालत नव्हती, म्हणून चिऱ्याची बारीक खडी आणि वाळू. शेण चालत नव्हतं, राख चालत नव्हती, माडाला घालतो ते मासळीचं खत तर नावही काढायचं नाही. "शेण थयच थांबव, हकडे येव देव नको," असं त्या मी सारवायला बसले की पडवीतून ओरडत. दर रविवारी सकाळी त्या जाड हातमोजे घालून एकेका गड्ड्यातून बोटं फिरवत आणि वाळलेली पाती विंचरून काढत. माघात कात्रीनं गड्डे तळापासून तीन बोटं ठेवून छाटत. तुरे आले की लगेच कापून टाकत. दोन वर्षांनी गड्डा मधून मरतो, तेव्हा तो उपटून, मेलेला गाभा फेकून, कडेचे जिवंत तुकडे पुन्हा लावत. पोराचे कुणी इतके केस विंचरले नसतील.

तरी पहिल्या पावसाळ्यानं छत्तीसचे चौदा केले. थंड हवेचं गवत, त्याला आमचा चार महिन्यांचा दमटपणा कसा सोसणार... पण वन्संनी ठपका ठेवला माझ्यावर. "तुझ्या शेणाच्या पाण्यान कुजलां सगळां. तुका आकडे कळतत, झाडां कळनत नाय." दसऱ्याला पुन्हा टेम्पो. दुसऱ्या वर्षी वाचले एकवीस. तिसऱ्या वर्षी त्यांनी चिरे लावून वाफे उंच केले आणि बांबूंवर झावळ्यांचे झाप तिरके बांधून गवतावर छप्पर घातलं. त्या वर्षी सव्वीस वाचले, चौथ्या वर्षी एकोणतीस. जे मरत त्यांच्या जागी नवे येत. त्या शिकत होत्या, हे मला दिसत होतं. त्यांना ते कधी बोलून दाखवलं नाही. तुळशीच्या लग्नाला वाडीतली माणसं आमच्या अर्ध्या खळ्यात एकमेकांच्या पायावर उभी राहत आणि भटजी अक्षता टाकताना म्हणत, "वयनी, साळिंदराक पण आमंत्रण आसा वाटता." तेव्हा मात्र मी मोठ्यानं हसत असे, वन्संना ऐकू जाईल असं.

यंदा ज्येष्ठात त्यांच्या पोटात पाणी झालं आणि मुलगी त्यांना पणजीला न्यायला आली. गाडीत बसायच्या आधी त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. अकरा सूचना, आकडे घालून. चौथी होती, "गवतावरचे झाप काढू नयेत." आणि कागद देताना म्हणाल्या, "तू मारतलंस ह्येंका. माका म्हायत आसा." गाडीपाशी मुलगी होती, हे होते, शेवंती होती. सगळ्यांसमोर म्हणाल्या.

मी तो कागद पडवीच्या खांबाला चिकटवला आणि अकराच्या अकरा सूचना पाळल्या. एकही चुकवली नाही. माझ्याकडे बोट दाखवायला जागा राहू नये, एवढीच माझी इच्छा होती. आषाढात सलग पाच दिवस ऊन पडलं. झापांच्या खाली वाफ कोंडली होती, हात घातला तर घामेजल्यासारखं लागत होतं, कुबट वास येत होता. झाकून ठेवलेलं आमसूल दोन दिवसांत बुरसतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. झाप सोडायला दहा मिनिटं लागली असती. मी खांबापाशी गेले, चौथी सूचना पुन्हा वाचली आणि घरात येऊन भाजी चिरायला बसले. पाचही दिवस.

वन्संचा फोन दर रविवारी आठ वाजता येई. प्रकृतीचं काही नाही, एकच प्रश्न, "किती?" मी खरा आकडा सांगत असे. छत्तीस. छत्तीस. मग एकतीस, मग अठरा. श्रावणातल्या शेवटच्या रविवारी मी सांगितलं, नऊ. पलीकडून आवाज आला, बारीक झालेला.

"ऊन पडलां तेवा झाप काढलंस मां?"

"कागदात नव्हतां, वन्सं."

"कागदात कित्याक लिवतलंय? सोलां वाळवणारी तू. माका वाटलां, ह्यां तरी तुका सांगूक नको."

आणि फोन ठेवला. पाच वर्षांत त्यांनी माझ्या कामाला दिलेली ही एकच दाद, आणि तीही अशी दिली की घशाखाली उतरत नाही. त्यानंतर रविवारी फोन वाजला नाही. वाजला तो दसऱ्यानंतर, मुलीचा.

बारावं झाल्यावर मुलगी येऊन गेली. "मामी, आईचं गवत काढून टाक, तुझं खळं तुला," म्हणाली. दुसऱ्या दिवशी शेवंती चोपणं घेऊन हजर. "काढू मां आता साळिंदरां?" मी म्हटलं, काढ. तिनं वाफ्यांचे चिरे उचलले, सत्तावीस मेलेल्या जागा उकरून भरल्या. जिवंत नऊ गड्ड्यांजवळ आली तेव्हा मी तिला थांबवलं. वन्संचे हातमोजे पडवीत खिळ्याला होते, मला एक बोट मोठे होतात. ते घालून मी एकेक गड्डा उपटला, मेलेला गाभा फेकला आणि जिवंत तुकडे खळ्यातल्या तुळशीवृंदावनाच्या मागे चार बाय चार फुटांत, खडीवर लावले.

"तुमका आवडत नाय मां ह्यां?" शेवंती बघत उभी होती.

"नाय आवडत."

"मगे?"

"तू चोप."

मला वन्संही आवडत नव्हत्या, आजही आवडत नाहीत. त्यांनी अर्धं खळं विचारल्याशिवाय घेतलं आणि सगळ्यांसमोर मला मारेकरी म्हटलं. त्यातलं दुसरं मी खरं करून दाखवलं, एवढाच फरक. अठ्ठावीस बाय बावीस, वजा चार बाय चार: खळं आता इतकं माझं आहे. यंदा आमसुलं पुन्हा साठाच्या जवळ जातील.

गेल्या आठवड्यात अवेळी पाऊस आला. रात्रभर पडला. संध्याकाळीच मी गवतावर झाप टाकून ठेवले होते. सकाळी उठले तर खळ्यात ऊन होतं आणि ताडपत्रीखालचं मळणीचं भात सगळं आवरायचं पडलं होतं. हे हाका मारत होते. मी आधी वृंदावनामागे गेले, झाप उचलून बाजूला ठेवले. मग पडवीत आले, खांबावरच्या कागदावर अकराव्या सूचनेखाली बारावी लिहिली, "ऊन पडताच झाप काढावेत," आणि भाताकडे गेले.