अकराचा पाठ

स्वाइन फ्लूच्या साथीत शाळा बंद झाली, तेव्हा रोज अकरा वाजता पाठ गावच्या केबलवर दाखवायचं ठरलं. सुगंधाच्या वाडीत नेमकं अकरालाच लोडशेडिंग. पोफळीच्या वीजघराच्या बोगद्यात सुरुंग लावता लावता तिच्या बापाचा जन्म गेला. तिथली वीज डोक्यावरच्या तारांतून मुंबईला जायची आणि त्याची नात मनस्वी बंद टीव्हीसमोर वही उघडून बसायची.

सुगंधा वीजघराच्या कॉलनीत भांडी घासायची. तिथे दिवे जात नसत. तिने मालकिणीला विचारलं, “वहिनी, मनस्वीला आणू काय? गप बसंल कोपऱ्यात.”

“नको गं. साथीचे दिवस. बाहेरचं घरात नको.”

खरकटं काढायला मात्र सुगंधा घरातलीच होती. वहिनींचा तन्मय टीव्हीवर पाठ बघायचा, तेव्हा ती मोरीत बसून भांड्यांवर राग काढायची.

शाळा उघडली. टीव्हीवरचा पाठ सांगता आला नाही म्हणून बाईंनी मनस्वीला वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी सुगंधापुढे पेढा धरला. “तन्मयला बाईंनी शाबासकी दिली. घे, तुझ्या पोरीला ने.”

सुगंधाने ओले हात पदराला पुसले.

“नको वहिनी. बाहेरचं घरात नको.”