ब्रेकबाईंची पेन्शन

ब्रेकबाईंना म्हातारपणाची काळजी लागली ती चोविसाव्या वर्षी, आणि तीही भर रस्त्यात, कुंड्या विकणाऱ्याच्या दुकानात निम्मी गाडी घुसलेली असताना.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती. बाई तिथे नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या. शिकवणाऱ्याच्या बाजूला एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच असतो. बाईंचा पाय त्या ब्रेकवर असा पडायचा, की शिकणाऱ्याच्या तोंडून "आई गं" निघायच्या आत गाडी थांबलेली असायची. म्हणून मालकांनी हे नाव ठेवलं, आणि पुढे त्यांचं खरं नाव फक्त लायसन्सवर उरलं.

त्या दिवशी स्टिअरिंगवर होत्या साठी उलटलेल्या एक आजी. जन्मभर शिवणकाम केलेल्या. या वयात यांना गाडी शिकायची हौस कुठून आली, हे बाई विचारणारच होत्या. पण तेवढ्यात आजींनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि प्रश्न घशातच राहिला. बाईंचा पाय वेळेवर पडला म्हणून चार कुंड्यांवर भागलं. दुकानदार आभाळ डोक्यावर घेऊन बाहेर आला. मालकांना बोलावणं गेलं, आणि ते येईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही असं ठरलं. रस्ता उताराचा, गाडीचा हॅन्डब्रेक नावापुरता. तेव्हा बाईंनी ब्रेकवरून पाय काढायचा नाही, हे ओघानंच आलं.

असा हलू न शकणारा श्रोता मिळाल्यावर आजी मोकळ्या झाल्या.

"या वयात मी का शिकतेय, सांगू का पोरी?"

"सांगा. मी कुठे जात नाही," बाई म्हणाल्या.

"सामान पोचवायच्या गाडीवर काम देतो म्हणालाय एक जण. शिवण आता होत नाही. सुईत दोराच जात नाही, दिसतच नाही मेलं भोक."

बाईंनी काचेतून समोरच्या फुटक्या कुंड्यांकडे पाहिलं. "मग पेन्शन वगैरे काही?"

"होती ना. माझा मुलगा हीच माझी पेन्शन. दूध-तूप घालून वाढवली. चांगली सहा फूट झाली. मग तिनं लग्न केलं आणि परदेशी निघून गेली." आजी स्वतःच खो खो हसल्या. "वाईट नाही गं तो. वाढदिवसाला आठवणीनं फोन करतो. पण फोन काही शिजवून खाता येत नाही. तुझ्या वयाची असताना मला कुणी सांगितलं असतं, की दर महिन्याला थोडं बाजूला टाक, तर मी ऐकलं नसतं. तूही ऐकणार नाहीस. पण आज तुझा पाय अडकलाय, म्हणून सांगून घेते."

पुढे आजींना एका शाळेत गणवेशाची मापं घ्यायचं काम मिळालं आणि गावातल्या समस्त पादचाऱ्यांचा जीव वाचला. पण त्यांचं बोलणं बाईंच्या डोक्यात जे बसलं, ते उठेना. आठवड्याच्या आत त्या पेन्शनच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या.

खिडकीतल्या माणसानं मान वर न करताच सांगितलं, "वडिलांना स्वतः यावं लागेल."

"वडील नाहीत. माझ्यासाठी हवी आहे."

आता त्यानं मान वर केली. बाईंना नीट न्याहाळलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "तब्येत वगैरे बरी आहे ना?"

"ठणठणीत."

"मग एवढी घाई कसली? अजून लग्न व्हायचंय तुमचं!"

"तहान लागल्यावर विहीर खोदायची, तर तेव्हा कुदळ उचलायला अंगात जोर हवा ना," बाई म्हणाल्या. त्या माणसानं आतल्या दोघांना बोलावून आणलं. नवीन काही बघायला मिळालं की आपल्या माणसांना दाखवावं, त्यातला प्रकार.

मालकांनी ऐकलं तेव्हा ते पोट धरून हसले. "अहो बाई, आपल्या धंद्यात पेन्शनपर्यंत पोचतं कोण? रोज नवा माणूस नव्या खांबाकडे घेऊन जातो!"

"माझ्याकडे ब्रेक आहे," बाई म्हणाल्या. "मी पोचणार."

महिन्याच्या पगारातला एक वाटा त्या डोळे मिटून बाजूला टाकायच्या. शिवाय विद्यार्थी पास झाला की खुशीनं हातावर जे काही ठेवायचा, तेही थेट पेन्शनीत. त्यामुळे नापास होणाऱ्यांवर त्यांचा खास राग असे. एका थोराड वकिलाला त्यांनी तोंडावर सुनावलं होतं, "तुम्ही नुसते नापास नाही झालात साहेब, माझ्या म्हातारपणाची एक दुपार खाल्लीत." वकील इतका ओशाळला, की पुढच्या खेपेला पास झाला आणि दोन दुपारींचे देऊन गेला.

अशाच नापासांपैकी एक जण मात्र बाईंच्या घरातच आला. हा केस कापायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं छोटं सलून. गाडी शिकायला म्हणून आला आणि चार वेळा परीक्षा देऊन चार वेळा आपटला. गाडी काही आली नाही, पण बाई मिळाल्या. पाचव्या खेपेऐवजी त्यानं लग्नाचंच विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बाईंचा पाय ब्रेकवर पडला नाही.

माणूस सोन्यासारखा, पण आजचे चणे आजच खाणारा. उद्या दात असतील की नाही, कुणी सांगावं? पेन्शनचा विषय निघाला की म्हणायचा, "अगं, मी रोज माणसांची डोकी बघतो. पेन्शनवाला असो, बिनपेन्शनवाला असो, टक्कल सगळ्यांना सारखंच पडतं."

"टकलावर छप्पर लागतं ना, अहो," बाई म्हणायच्या, आणि विषय तिथे संपायचा.

एकदाच तो तिथे संपला नाही. नवऱ्याला सलूनसाठी एक खुर्ची हवी होती. पायानं दाबली की वर जाणारी, मागे कलणारी, डोक्याखाली उशी असलेली. तो तिच्याबद्दल असा बोलायचा, की नवख्या माणसाला वाटावं, कुणा बाईवर जीव जडलाय. पैसे कमी पडत होते. पेन्शनीतून थोडे काढू, असं तो म्हणाला. बाई नाही म्हणाल्या. मग त्यानं अबोला धरला, पण गप्प बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. तेव्हा तो मुलीच्या तोंडून बोलू लागला. मुलगी पाच वर्षांची. "आईला सांग, मीठ कमी आहे." "बाबांना सांग, हात लांब करा." मुलीला हा खेळ इतका आवडला, की दोघं पुन्हा बोलायला लागल्यावर ती रडली.

खुर्ची त्यानं शेवटी हप्त्यानं आणलीच. दुसऱ्याच आठवड्यात ती एका गिऱ्हाइकाला घेऊन वर गेली आणि खाली यायला तयार होईना. गिऱ्हाईक कोण, तर पेन्शनच्या कचेरीतला तोच खिडकीवाला. अर्ध्या गालाला साबण, पाय अधांतरी, डोकं पंख्याच्या जवळ. नवऱ्यानं स्टुलावर चढून उरलेली दाढी केली. बाई तेव्हा डबा द्यायला आल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, नमस्कार केला, आणि "माझं खातं कसं आहे?" म्हणून विचारलं. "वाढतंय," वरून उत्तर आलं. नवरा त्या दिवशी जेवला नाही.

वर्षं अशीच गेली. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. बाईंनी तिला पेन्शन कधीच केलं नाही. त्यामुळे ती आली की सगळ्यांना नुसता आनंदच व्हायचा.

बाईंच्या मनात मात्र एक गोष्ट होती. निवृत्त झाल्यावर स्वतःची गाडी घ्यायची आणि स्वतः चालवायची. जन्मभर त्या गाडीत बसल्या, पण शेजारच्या बाजूला. सकाळी स्कूलमध्ये बसनं जायच्या, संध्याकाळी बसनं यायच्या, आणि मधला सगळा वेळ उंटावरून शेळ्या हाकायच्या. हातात स्टिअरिंग यायचं ते गाडी धुवायला मागे घेण्यापुरतं. "एकदा सुटले ना," त्या म्हणायच्या, "की शेजारी कुणी नको. मोकळा रस्ता आणि मी."

"आणि मी?" नवरा विचारायचा.

"तुम्ही मागे बसा."

साठाव्या वर्षी त्या सुटल्या. मालकांनी त्यांना एक भलीमोठी छत्री भेट दिली आणि भाषणात कबूल केलं, की बाई खरंच पोचल्या. पुढच्या महिन्यात पेन्शन आली. डोळे दिपावेत एवढी नव्हती, पण पहिल्या तारखेला न बोलावता येणारी होती. थोडे पैसे एकरकमी हातात आले, त्यातून बाईंनी एक जुनी, छोटी, मटारच्या रंगाची गाडी घेतली.

पहिल्या दिवशी नवीन चपला घालून बाई गाडीत बसल्या, पट्टा लावला, आणि समोर बघत राहिल्या. नवरा मागे बसला. बराच वेळ काही घडेना.

"निघायचं ना?" त्यानं विचारलं.

"हो, पण तो येऊ दे की."

"कोण?"

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की सवयीनं आपण शेजारच्याच बाजूला बसलोय आणि चालवणाऱ्याची वाट बघतोय.

जागा बदलली. गाडी निघाली. खरं म्हणजे उडाली, थांबली, पुन्हा उडाली. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत बाईंचं पोलकं घामानं भिजलं होतं. समोर कुणी माणूस रस्ता ओलांडेल असं नुसतं वाटलं तरी पाय ब्रेकवर. एक कुत्रं दूरवर फुटपाथवर झोपलं होतं, त्यालाही बाईंनी थांबून वाट दिली. मागे हॉर्नचा गिल्ला सुरू झाला.

"क्लच हळू सोड," मागून नवरा म्हणाला. "आरशात बघ. खांदे सैल." एवढ्या वर्षांत बाईंचं सगळं बोलणं त्याला पाठ झालं होतं. नापास झाला तरी ज्ञान कुठे जातं?

पुलाच्या चढावर गाडी बंद पडली ती पडलीच. त्यांच्या मागे येऊन थांबली, ती नेमकी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. स्टिअरिंगवर घामाघूम झालेली एक शिकाऊ मुलगी, आणि शेजारी शिकवायला बाईंचाच जुना विद्यार्थी, जो आता त्यांच्या जागेवर लागला होता. त्या मुलीनं जीव मुठीत धरून मटाराला वळसा घातला आणि पुढे गेली. जाताना त्या विद्यार्थ्यानं काच खाली करून अगदी प्रेमानं सांगितलं, "घाबरू नका हं काकू, सगळ्यांचं होतं सुरुवातीला!" मग त्यानं चेहरा पाहिला. "अरे बापरे, बाई!"

बाईंना रडू यावं की हसू, ते कळेना. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं मी फक्त थांबवायला शिकवत होते."

"तीही मोठीच गोष्ट आहे," नवरा म्हणाला. "थांबवणारी नसतीस तर मी आज कुठल्या तरी खांबाला लागलो असतो." तो थट्टेनं म्हणाला की मनापासून, ते त्यालाही नक्की सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाई आपल्याच स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून गेल्या. मालक फी घ्यायला तयार नव्हते. बाईंनी पूर्ण फी टेबलावर ठेवली. "फुकट शिकणारा कधी शिकत नाही. आणि हे माझ्या पेन्शनीचे आहेत, घ्यायला लाजू नका." त्या जुन्या विद्यार्थ्याचे मात्र हाल झाले. बाई दर वळणावर त्याच्याशी वाद घालायच्या, त्याच्या चुका काढायच्या, आणि त्यानं शेजारून ब्रेक मारला की "उशीर झाला" म्हणायच्या. महिना संपेपर्यंत बाईंना गाडी आली आणि त्याला शिकवता यायला लागलं.

त्यानंतर काही वर्षांनी नवऱ्याचं मनगट दुखायला लागलं. कात्री थरथरू लागली. एकदा एका गिऱ्हाइकाचे कल्ले वरखाली झाले, आणि नवऱ्यानं दुकान बंद केलं. पहिले काही दिवस तो घरखर्चाचा हिशेब बोटांवर मोजत बसायचा. मग घर पूर्वीसारखंच चाललेलं पाहून त्याचा गळा मोकळा झाला. इतका, की आता तो कट्ट्यावर बसून तरुण पोरांना धरून धरून सांगतो, "बाबांनो, लवकर सुरुवात करा. आम्ही बघा, चोविसाव्या वर्षापासून टाकत आलो."

"आम्ही?" बाई घरातून विचारतात.

"नवरा-बायकोत काय वेगळं असतं का?" तो म्हणतो.

बाई चाव्या उचलतात. लांबच्या मोकळ्या रस्त्याचं काही फार जमलं नाही. तासाभरात त्यांची कंबर धरते. तेव्हा गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि उजेड आहे तोवर परतायचं. नवरा आता पुढे बसतो, कारण मागून त्याला उलटीसारखं होतं. त्याला काच उघडी हवी असते, बाईंना वारा लागतो. तळं येईपर्यंत काच अर्धी वर, अर्धी खाली होत राहते.