करडी ते मुंबई, एका दुपारी

त्या सोमवारी सकाळी आठ वाजता मी भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी, करडीत, गुडघाभर चिखलात होतो... अन् दुपारी तीनच्या पाळीला मुंबईत कारखान्याच्या गेटवर! एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट आहे.

मी चौथी शिकलेला. मुंबईत वेल्डिंगला होतो, तोही बदली कामगार. बाबांचा पाय मोडला, धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, अडली, म्हणून सुट्टी घेऊन गावी आलो. फोरमनने बजावलं होतं, सोमवारी तीनला नाही दिसलास तर नाव कापलं समज.

पण पाऊसच रुसला... चार दिवस आकाशाकडे बघण्यात गेले. त्यातच एक दिवस मी गुपचूप नागपूरला जाऊन विमानाचं तिकीट काढून आलो. सायकलसाठी ठेवलेले पैसे गेले, जाऊ दे म्हटलं.

मग पाऊस आला, पण रविवारी संध्याकाळची रेल्वे धरायची वेळ झाली, तरी एक बांधी, म्हणजे भाताचं एक खाचर, रोवायची उरलीच होती. आई त्या बांधीकडे पाहत राहिली. तेव्हा सांगून टाकलं, मी उद्या विमानानं जातो.

मोठबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले होते. "काहून फेकून राहिला बे?"

"खरंच मोठबाबा. नागपूरहून रेल्वेनं आठशेच्या वर किलोमीटर, वरून सरळ सातशेच्या आत. दीड तासात मुंबई."

"अरे, भंडाऱ्याले जाले यस्टीच दीड तास घेते! अन् हा मुंबईले चालला दीड तासात!"

रोवणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "जाय रे बापू, येताना आमच्यासाठी ढगाचा तुकडा आणजो!"

सोमवारी पहाटेपासून वाकलो, आठला शेवटची पेंढी संपवली. पाय धुवायलाही थांबलो नाही. ट्रकनं भंडारा, यस्टीनं नागपूर, धावत पळत विमान... विमानातल्या बाईनं लिमलेटची गोळी दिली, ती पुरती विरघळायच्या आत नागपूर कुठच्या कुठे गेलं होतं. दोनला मी मुंबईत उभा! नखांतला चिखल अजून ओला होता.

एवढं जिंकलो अन् गप्प कसा बसू? मोठबाबाला पुरावा पाहिजे ना... टाकली एक तार. मग टॅक्सी, अन् तीनला पाच कमी असताना गेटच्या आत.

पण आमच्या गावात तार म्हणजे मौत, हे मी विसरलोच. दुसऱ्या दिवशी पोस्टमन तार घेऊन आला तशी आईनं हंबरडा फोडला. तिला वाटलं, विमान पडलं... बाया जमल्या. मोठबाबा तर एकच म्हणत राहिले, "मीच हसलो रे त्याले."

शेवटी पोस्टमननेच ओरडून वाचलं, "'पोचलो. मजेत आहे.' काल दुपारी दोनले मुंबईहून टाकली हाय बाई, रडून काहून राहिल्या?"

त्या दिवसापासून मोठबाबा बदलले. यस्टी कुठे रखडली की कंडक्टरला म्हणायचे, "एवढ्यात माहा पुतण्या मुंबईले पोचते!"

वर्षभरात मी कारखान्यात कायम झालो. पण त्या तारेनंतर आईनं शेजारच्या पोरीकडून पत्र लिहून घेतलं होतं, ते अजून जपून ठेवलंय... "लवकर पोचला, चांगलं केलं. पुढच्या बारीले उशिरा पोच, पण कार्ड लिहिजो. तार नको करू."