मशेरीचं बोट आणि जबड्याचं हाड

“खालच्या जबड्याचं हाड झिजून सुरीच्या पात्यासारखं झालंय,” डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले. “यावर कवळी टिकणार कशी?”

ती टिकत नाही हे मला चांगलंच ठाऊक होतं. चाळिशीतच माझे सगळे दात गेले. मी घाटकोपरच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. ‘होल्ड ऑन प्लीज’ म्हणताना खालची कवळी उडून जिभेवर यायची. साहेबांनी गोड बोलून मला डिस्पॅचला बसवलं, पाकिटं चिकटवायला. मला माझा टेलिफोनचा बोर्ड परत हवा होता, बस्स.

मुलुंडचे हे डॉक्टर परदेशातून इम्प्लांट शिकून आले होते. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. हाडाच्या अरुंद कडेला ते रिज म्हणत. रिजला मधोमध चीर द्यायची, हाड हलकेच फाकवायचं, दोन स्क्रू बसवून वरून हिरडी शिवायची. मग काही महिन्यांत हाड वाढून धातूला घट्ट धरतं. याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात.

“ते काम तुमच्या हाडाचं. मी फक्त वाट बघणार,” ते म्हणाले. तंबाखू खाता का, असंही त्यांनी विचारलं. मला रागच आला. ठणकावून नाही म्हटलं.

ऑपरेशनला दुखलं नाही, पण हातोडीचे ठोके कवटीत घुमत होते. भ्याले, खोटं कशाला सांगू. दोन आठवडे पेजेवर काढले.

तिसऱ्या महिन्यात डावी बाजू ठणकू लागली. एक्स-रेत डाव्या स्क्रूभोवती काळी रेघ होती. डॉक्टरांनी हिरडी उघडून दोन्ही स्क्रूंवर बारीक दांडी आपटली. उजवा टण् वाजला, डावा नुसताच ठक्. लायनी ऐकण्यात माझं आयुष्य गेलंय, मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डाव्या स्क्रूला हाडानं धरलंच नव्हतं, तो काढावा लागला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या हातावर गेली.

“बाई, हे बोट काळं कशानं?”

“मशेरीनं.” दात गेले तरी सवय राहिली होती. सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवरून बोट फिरवायचे.

“अहो, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच ना! तिनं रक्तपुरवठा कमी होतो. हाड वाढणार कसं?”

भांडुपला घरी आले तर आई तव्यावर तंबाखूच भाजत होती. “गो, ती खंयची तंबाखू? ती दात घासूची मशेरी,” ती म्हणाली. मीही जन्मभर हेच धरून चालले होते. माझी मशेरीची डबी तिच्या हातात दिली, कायमची. पंधरा दिवस डोकं फुटायची पाळी आली, घरात सगळ्यांवर खेकसले.

चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. स्क्रूची रिकामी जागा पांढरी झाली होती. हाडानं खड्डा स्वतःच भरून काढला होता. मी जेवत होते, भांडत होते, झोपत होते आणि आत हे चाललं होतं. मी थक्क होऊन बघत राहिले.

तिथंच नवा स्क्रू बसला. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी दांडी आपटली. दोन्ही टण् वाजले. त्यांनी उगाचच पुन्हा वाजवून दाखवलं आणि मला रडू आलं. ज्या हाडाला मी इतकी वर्षं छळलं, त्यानं लोखंडासारखी पकड धरली होती.

तुमच्यावर ही वेळ आली आणि डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं, तर मशेरीही सांगा. लाजू नका.

स्क्रूंवर कवळी बसली आणि मला बोर्ड परत मिळाला. पहिल्या दिवशी बोर्डावर फोन आल्याचा दिवा लागला तेव्हा कळ दाबायला तेच मशेरीचं बोट पुढे झालं. त्याचा काळा डाग कधी गेला, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.