अंडं सोलणारा बाप

आमच्या भावोजींच्या हातून आजवर किती पेशंट दगावले, याला गणती नाही. मालिका कुठलीही असो, कुणाला दवाखान्यात घातलं की आमच्याकडे फोन वाजतो. भावोजी ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येतात, तोंडावरची पट्टी खाली ओढतात, "सॉरी, आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही" म्हणतात आणि पुन्हा आत जातात. आत जाऊन काय करतात, हे कुणी विचारत नाही. गल्लीत त्यांचं नावच पडलं सॉरी डॉक्टर. एकदा शेजारचे आजोबा खरोखर दवाखान्यात होते. हे बिचारे फळं घेऊन भेटायला गेले, तर यांना लांबून येताना पाहूनच आजोबांच्या सुनेनं हंबरडा फोडला. आजोबांचं नुसतं हर्नियाचं ऑपरेशन होतं.

डॉक्टर नसले की ते न्यायाधीश असतात, बँकेचे मॅनेजर असतात, नाहीतर हॉटेलात नायक-नायिकेच्या मागच्या टेबलावर जेवत असतात. एका जाहिरातीत दाढ दुखून दाखवली. एका लढाईच्या सिनेमात सकाळी या बाजूनं मेले आणि जेवणानंतर टोपी बदलून त्या बाजूनं. असल्या छोट्या कामांना कपडे घरचेच न्यावे लागतात. मी त्यांची मेहुणी आणि फुकटची टेलर. काळा कोट, पांढरा कोट, मॅनेजरचा करडा कोट, सगळे मीच दर वर्षी पोटावर सैल करत आले.

ताईची, म्हणजे माझ्या बहिणीची, तक्रार कोटांची नव्हती. हे पडद्यावर दिसायचेच नाहीत, ही होती. कापले जायचे, नाहीतर पुढे कुणी धिप्पाड माणूस उभा राहायचा. मागच्या वेळी तिनं अख्खी बिल्डिंग टीव्हीपुढे बसवली, सगळ्यांना सरबत दिलं आणि तासाभरानं भावोजींचं एक कोपर दिसलं. तेही त्यांनीच सांगितलं म्हणून कळलं. त्या रात्री ताईनं निकाल दिला.

"अहो, आता पुरे. हा जो सिनेमा मिळालाय ना, त्यात तोंड दिसलं तर ठीक. नाहीतर दादाच्या दुकानात बसायचं."

दादा आमचा थोरला भाऊ. नळ, खिळे, कुलपं असं त्याचं दुकान. त्याला भरवशाचा माणूस हवाच होता. भावोजींनी मान हलवली, कारण या खेपेला त्यांना खात्री होती. जन्मात पहिल्यांदा त्यांना नायिकेच्या बापाचं काम मिळालं होतं. एकच प्रसंग, पण पुरा त्यांचा. बाप टेबलाशी बसून उकडलेलं अंडं सोलतोय. मुलगी म्हणते, मी घर सोडून चालले. बाप म्हणतो, "जातेस तर जा. पण जेवून जा."

शर्ट ऐनवेळी पोटावर तणायला लागला म्हणून सुईदोरा घेऊन मीही गेले शूटिंगला. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

सिनेमातलं जेवण ही मोठी वाईट चीज. तोच प्रसंग आधी लांबून घेतात, मग या बाजूनं, मग त्या बाजूनं, मग एकेकाचा चेहरा जवळून. पहिल्या खेपेला तुम्ही जे खाल, जितकं खाल, ते प्रत्येक खेपेला तसंच खावं लागतं. त्यासाठी एक बाई नेमलेलीच असते. कुठल्या शब्दाला कुठला हात हलला, हे तिला पाठ. म्हणून मुरलेले नट घास नुसता ताटात फिरवतात. हे नव्या पोरांना शिकवतं कोण? आमचे भावोजी! मागच्या टेबलावर बसून त्यांनी एकच बिस्किट दिवसभर पुरवलंय.

पण त्या दिवशी कॅमेरा त्यांच्याकडे होता, धास्तीनं सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि समोर नायिका म्हणाली, "बाबा, मी चालले." भावोजींनी सोललेलं अख्खं अंडं तोंडात कोंबलं. गाल फुगले. बोलता येईना. त्यांनी ते चावलं, मोठ्या कष्टानं गिळलं आणि मग वाक्य म्हणाले.

दिग्दर्शक म्हणजे मिशी नुकती फुटलेला मुलगा. तो खुर्चीवरून उडालाच. "काका, कमाल! हेच हवंय! दर वेळी अख्खं अंडं!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कपाळावर हात मारून घेतला. भावोजी मात्र माझ्याकडे बघून डोळा मारत होते.

नायिकेला पुढे दुसरीकडे जायचं होतं, म्हणून तिचे शॉट आधी. तिला अंड्याचा वास सहन होईना. "बाबा" म्हटलं की तिला शिंक यायची. शिंक आली की पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे नवं अंडं. भावोजींची त्यात पाठच दिसत होती, तरी गडी खाऊन दाखवायचा.

मी जवळ जाऊन म्हटलं, "भावोजी, थुंका की हळूच. पाठमोरं कोण बघतंय?"

"पोरीला दिसतंय ना," ते म्हणाले. "समोर बापच नसेल तर ती रडेल कुणाकडे बघून?"

दुपारी अंडी संपली. चहावाले काका सायकल हाणत जाऊन आणखी घेऊन आले. त्यांना पाहून भावोजींचा चेहरा असा झाला, की मला हसावं की बादली आणावी कळेना. संध्याकाळी एकदाची त्यांच्या चेहऱ्याची पाळी आली, तेव्हा ते पांढरेफटक पडले होते. शर्टाचं बटण तटकन उडून लाइटवाल्याला लागलं. मी टेबलाखाली बसले आणि शॉट संपेपर्यंत शर्टाच्या दोन्ही कडा मुठीत धरून ठेवल्या. भावोजींनी शेवटचं अंडं तोंडात घातलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "जातेस तर जा," ते म्हणाले, आणि "जेवून जा" म्हणताना तर त्यांचा आवाजच फुटेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भावोजी नमस्कार करत करत बाहेर पळाले आणि भिंतीमागे ओकले.

घरी येऊन मी ताईला सगळं सांगितलं. अंडी, बटण, भिंत, काही सोडलं नाही. हसून हसून तिच्या पोटात दुखायला लागलं. "जाऊ दे," ती म्हणाली, "तोंड तरी दिसेल."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही चौघं गेलो. ताई, भावोजी, दादा आणि मी. ताई देव पाण्यात घालून बसली होती. प्रसंग आला. पडद्यावर नायिकेचा चेहरा आणि एका कोपऱ्यात भावोजींचं डोकं, पाठीमागून. थोडं टक्कल, एक कान आणि कानाखाली हळूहळू हलणारा जबडा. आता चेहरा येईल, मग येईल, म्हणून मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आला नाही. "जातेस तर जा," टक्कल म्हणालं. प्रसंग संपला. मी टेबलाखाली बसून मुठी आवळल्या त्या कशासाठी? असा संताप आला, की त्या मिसरूडवाल्याला उभा फाडावा.

दादा काही लागट बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं भावोजींच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. "सोमवारी या दुकानावर. निवांत या."

घरी आल्यावर ताई तडक आत गेली. भावोजींनीच कपाट उघडलं आणि तिन्ही कोट माझ्यापुढे ठेवले. "मेहुणीबाई, उसवून काही होईल का बघ यांचं. कापड चांगलं आहे." हसायला गेले, पण जमलं नाही. मला रडू यायला लागलं.

"उसवायचे नाहीत," ताई दारातून म्हणाली.

"अगं, ठरलंय आपलं. तोंड नाही दिसलं."

"नाही दिसलं. मी कुठं म्हणते दिसलं?" ती आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "तू मला सगळं सांगितलं होतंस. अंड्यांनी जीव नकोसा झाला होता यांचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी, तो कान हलताना बघून, मला ओरडावंसं वाटलं. अगं पोरी, थांब ना, तुझ्या बापाला घास गिळवत नाहीये!"

भावोजींनी कोट पुन्हा उचलून घेतले. ताईनं दादाला फोन लावला.

"दादा, सोमवारी दुसरा कुणी बघ. हे येणार नाहीत." तिकडून दादानं काहीतरी विचारलं. "छे रे, आजारी कशाला असतील? ॲक्टर आहेत ते."