बाई या शब्दाचं भाषांतर

अख्खा हॉल हसला तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसले होते. पडद्यावर सुनीता तिच्या इंदुरी थाटात कॅमेरावाल्याला सांगत होती, "आमच्या बाई कोणाच्या बापाला नाही घाबरत, भिया." खाली हिंदीत ओळ उमटली. माझ्या शेजारी बसलेली सुनीता ती ओळ अक्षर अक्षर लावत वाचू लागली. "ह-मा-री... का-म-वा-ली..."

ती थांबली. माझा हात धरून म्हणाली, "बाई, मी असं नाही बोलली."

तिला वाचायला मीच शिकवलं. तिच्या पन्नाशीत.

सकाळी मी इंदूरच्या भंवरकुआं भागात चार घरी धुणीभांडी, फरशी करते. त्याची मला लाज नाही. संध्याकाळी वस्तीत, मंदिरामागच्या खोलीत, घरकाम करणाऱ्या बायकांना लिहायवाचायला शिकवते. मराठी शाळेत मास्तरणीला बाई म्हणतात, तशा त्या मला बाई म्हणतात. हा शब्द मला कोणी दान दिलेला नाही.

सिनेमावाली मॅडम पुण्याची. नोकरीसाठी इंदूरला आलेली. समाज बदलणाऱ्या साध्या माणसांवर डॉक्युमेंटरी करते म्हणाली. सहा महिने येत होती. मला ताई म्हणायची. माझ्या ताटात जेवली. वर्गाचं शूटिंग तर महिनाभर चाललं. मी भाबडी. मला वाटलं, हे बघून कोणी आपल्या वस्तीत असाच वर्ग काढेल. पडद्यावर वर्ग नव्हताच. मी फरशी पुसत होते. परत पुसत होते. मागे बासरी वाजत होती.

दिवे लागल्यावर तिला गाठलं.

"वर्ग कुठं गेला?"

"ताई, वर्ग ठेवला असता तर तुम्ही टीचर वाटला असता. लोकांना कामवाली जास्त भिडते."

"तुमच्या शाळेत बाई कोणाला म्हणायचे, मॅडम?"

ती गोरीमोरी झाली. म्हणजे तिला ठाऊक होतं. चूक असती तर मी गिळली असती. मग हळूच म्हणाली, "तुम्ही फॉर्मवर सही केलीय, ताई."

केली होती. इंग्रजीतली तीन पानं. वाचल्याशिवाय सही करू नका, असं रोज बायकांना बजावणारी मी. तिच्यावर भरवसा ठेवला आणि तिनं केसानं गळा कापला. राग तिचा आला, त्याहून जास्त स्वतःचा.

तेवढ्यात माइकवरून पुकारलं, "अब हमारी बाईजी का सम्मान होगा." शाल, श्रीफळ तयार. मी स्टेजवर गेले. शाल अंगावर घेतली नाही. माइक घेतला.

"मराठी में बाई मतलब टीचर. मैं सुनीता की टीचर हूँ. जिसको हँसना है, अब हँसे."

कोणी हसलं नाही. मॅडम कानाशी येऊन म्हणाली, "ताई, वातावरण नका ना खराब करू." मी तशीच खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही मॅडमला पत्र लिहिलं. ओळ बदला, वर्ग परत घाला, नाहीतर आम्हाला सिनेमातून काढा. खाली चौदा सह्या. एकही अंगठा नाही.

उत्तर आलेलं नाही. सिनेमा आता दुसऱ्या गावांत दाखवणार आहेत म्हणे. दाखवा, मॅडम. आम्ही चौदाजणी बसनं येणार. ती ओळ आली की उठून उभ्या राहणार, आणि बाई म्हणजे कोण ते तुमच्या अख्ख्या हॉलला सांगणार. प्रत्येक गावात.